संसर्गाची शंका

तारनाका, हैदराबाद
१२ जानेवारी २०२५

ताई,
सप्रेम जयभीम.

काचीगुडा स्टेशनवर गाडी सुटताना तू खिडकीतून ओरडलीस, "आजपासून फोन बंद! पत्र लिही. पत्रात मधेच 'ठेवतो, राउंड आहे' म्हणता येत नाही!" फलाटावरच्या चहावाल्यासकट सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी निमूट मान हलवली. तर हे पत्र. पोस्टाचं तिकीट हल्ली कुठे मिळतं ते मला माहीत नाही, म्हणून ई-मेलवर लिहितोय, पण वरती गाव आणि तारीख घातलीय. इंग्रजी शाळेत शिकलेल्या भावाकडून याहून जास्त अपेक्षा ठेवू नकोस.

आधी भांडणाचं. तुझं म्हणणं, आईला नांदेडला तुझ्याकडे राहू दे. माझं म्हणणं, तिचा मुलगा डॉक्टर आहे, हॉस्पिटल घरापासून दहा मिनिटांवर आहे, अण्णांनी रेल्वेच्या नोकरीत पोटाला चिमटा काढून बांधलेलं घर इथे आहे, मग तिनं का जावं? त्यावर तू म्हणालीस, "घरात डॉक्टर आहे म्हणतोस, पण तो घरात असतो कधी?" हे तू नेमकं गाडी हलताना बोललीस, त्यामुळे मला उत्तर देता आलं नाही. गाडी तासभर थांबली असती तरी आलं नसतं, ही गोष्ट वेगळी.

आता माझी नवी कीर्ती ऐक. आमच्या हॉस्पिटलात अँटिबायोटिकवर लक्ष ठेवायला एक समिती नेमलीय आणि मी तिचा अध्यक्ष आहे. निवड चालू होती तेव्हा मी बाथरूमला गेलो होतो, परत आलो तर सगळे टाळ्या वाजवत होते. काम असं, की भरती असलेल्या पेशंटला कुणीही अँटिबायोटिक सुरू केलं की केस पेपरवर कारण लिहायचं, आणि दर दोन दिवसांनी 'अजून चालू का?' याचंही कारण लिहायचं. उगाच दिलेल्या औषधाला जंतू सरावतात आणि खरी गरज पडते तेव्हा ते लागू पडत नाही. शिवाय पोटातले चांगले जंतू मरतात आणि पोट बिघडतं ते वेगळंच.

पहिल्या महिन्यातली कारणं मी स्वतः वाचली. 'ताप आहे.' 'ताप येऊ शकतो.' 'ताप गेला, म्हणून चालू ठेवावे.' 'आधीपासून चालू आहे.' 'मोठ्या डॉक्टरांनी सांगितले.' 'नातेवाईक नाराज आहेत.' एकानं तर 'उद्या रविवार' एवढंच लिहिलं होतं. आणि एका पेपरवर नुसतं 'खबरदारी'. मी भर मीटिंगमध्ये तो पेपर फडकवून विचारलं, हे असलं गुळमुळीत कारण लिहिणारा महाभाग कोण? सगळे खाली बघायला लागले. सही माझी होती.

आई मजेत आहे. भांडण मिटलं असं समजतो.

तुझा
प्रज्ञेश


नांदेड
१९ जानेवारी २०२५

चि. प्रज्ञू,
जयभीम.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. दोनदा हसायला आणि एकदा आईला शोधायला. इतक्या मोठ्या पत्रात आई दोनच ठिकाणी सापडली. एकदा भांडणाचा मुद्दा म्हणून आणि एकदा 'मजेत आहे' म्हणून. शेवटी 'आपला आज्ञाधारक' तेवढं लिहायचं राहिलं.

अरे, ती काय करते दिवसभर? गुडघा दुखतो का अजून? शेजारच्या राणीकडे जाते का दुपारची? मला असलं काहीतरी लिही. तुझी समिती मला पाठ झाली.

बाकी समितीचा उपयोग झाला बरं का. आमच्या ज्युनियर कॉलेजचे उपप्राचार्य हिम्मतराव सर तुला माहीत आहेत. जरा खोकला आला की मेडिकलमधून आपल्या मनानं गोळ्या आणतात, दोन खातात आणि उरलेल्या टेबलाच्या खणात पुढच्या खोकल्यासाठी ठेवतात. मी तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तुमचा भाऊ डॉक्टर आहे की कीर्तनकार?" याचं उत्तर तूच कळव.

भांडण मिटलेलं नाही.

तुझी
ताई


तारनाका, हैदराबाद
३० जानेवारी २०२५

ताई,
जयभीम.

आई दिवसभर काय करते ते विचारलंस. मी सकाळी निघतो तेव्हा खाली तिच्या खोलीचं दार लोटलेलं असतं, आणि रात्री येतो तेव्हा जेवण झाकून ठेवून ती झोपलेली असते. भाजी रोज वेगळी असते. यावरून तब्येत उत्तम आहे असं निदान मी केलंय. हसू नकोस, पुष्कळ पेशंटची निदानं मी याहून कमी पुराव्यावर केलीत.

समितीचं ऐक. कारणं आता फार सुधारली! 'खबरदारी' दिसत नाही, 'रविवार' दिसत नाही. सगळीकडे छातीतला संसर्ग, लघवीतला संसर्ग, अगदी पुस्तकातल्यासारखं. मी रंगीत आलेख काढून मीटिंगमध्ये दाखवला. सगळे खूश. तेवढ्यात मीना नावाची एक ज्युनियर डॉक्टर उठली. इथल्या कोठी भागातल्या पुस्तकांच्या दुकानदाराची मुलगी आहे, बोलायला भीत नाही. म्हणाली, "सर, इंजेक्शनां तो उतनेच लग रहे. कारण सुधरा या लिखना सुधरा?"

मी खाली बसलो. लोकांना काय लिहिलं की अध्यक्ष गप्प बसतो ते कळलं होतं, एवढंच काय ते सुधारलं होतं. आलेख मात्र फार सुंदर होता, तुला पाठवू का?

तुझा
प्रज्ञेश


नांदेड
१० फेब्रुवारी २०२५

प्रज्ञू,

सकाळी पोचले. आल्या आल्या परीक्षा केंद्राच्या कामाला जुंपलेय. उद्यापासून बारावीची परीक्षा आहे आणि केंद्रप्रमुख मीच, नाहीतर आईला तशा अवस्थेत सोडून मी हलले नसते. अंगणात पाय घसरून पडते काय, खुब्याचं हाड मोडतं काय, आणि दोन दिवसांत ऑपरेशन काय! मी आले, चार दिवस तिच्या उशाशी बसले आणि परत आले, पण जीव तिथेच अडकलाय.

तू मात्र तिथे असतोस, म्हणून धीर आहे. हे मी पहिल्यांदा लिहितेय, जपून ठेव.

पण एक सांग. काल संध्याकाळी तिला ताप होता. मी नर्सला विचारलं, अँटिबायोटिक काय चालू आहे? ती म्हणाली, काहीच नाही, सरांनी बंद केलं. कोणत्या सरांनी? तर तूच! अरे, ऑपरेशन करणारे डॉक्टर संदेश पाच दिवस द्या म्हणतात आणि तू बंद करतोस? तुझी समिती तुझ्या ठिकाणी, आई आईच्या ठिकाणी. माझ्या आईवर प्रयोग करू नकोस. चांगलं भारी औषध चालू कर आणि मला कळव.

ताई


तारनाका, हैदराबाद
११ फेब्रुवारी २०२५

ताई,
जयभीम.

तुझा राग पोचला. आता शांतपणे ऐक.

ऑपरेशनच्या वेळी आईला अँटिबायोटिक दिलं होतं, जेवढं लागतं तेवढं. त्यानंतर पाच दिवस देण्याचं कारण मी संदेशला विचारलं. तो म्हणाला, "यार, हमेशा देते." मी म्हटलं, हे कारण नाही, ही सवय आहे. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस थोडा ताप येतोच, शरीर आपली डागडुजी करत असतं. छाती तपासली, जखम बघितली, रक्त बघितलं. काही नाही. आज ताप उतरलाय.

तिला मी अजून ऑपरेशननंतरच्या खास कक्षातच ठेवलंय. तिथे रात्री नातेवाइकांना राहू देत नाहीत, पण दर तासाला नर्स बघून जाते. साध्या पेशंटला दोन दिवसांत बाहेर काढतात, ही डॉक्टरची आई आहे.

तुला राग आला तरी चालेल ताई, पण जे बाकीच्यांना सांगतो ते स्वतःच्या आईच्या बाबतीत पाळलं नाही, तर मी अध्यक्ष कसला? (हे वाक्य लिहून झाल्यावर मी आरशात बघितलं. खोटं कशाला सांगू?)

तुझा
प्रज्ञेश


नांदेड
१४ फेब्रुवारी २०२५

चि. प्रज्ञू,
जयभीम.

तुझं पत्र वाचलं आणि मला माझीच लाज वाटली. मीच त्या 'नाराज नातेवाइकां'पैकी निघाले की! आईला फोन केला, तर ठणठणीत आवाजात म्हणाली, "बरी हाय." म्हणजे तुझं बरोबर होतं.

मी आता पुरती तुझ्या बाजूची झालेय. आज स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, की माझ्या भावानं सख्ख्या आईला विनाकारण इंजेक्शन दिलं नाही, सर्जनचंही ऐकलं नाही, याला म्हणतात तत्त्व. मग हिम्मतराव सरांच्या खणातून गोळ्यांची अर्धी पाकिटं काढून आणली. ते बघतच राहिले. वर मी त्यांना म्हटलं, "कारण लिहून द्या, मग परत देते." आता पूर्ण कॉलेज मला टरकून आहे.

अण्णा असते तर त्यांनी तुझी पाठ थोपटली असती. त्यांच्या वतीनं मी थोपटते.

तुझी
ताई


तारनाका, हैदराबाद
१८ फेब्रुवारी २०२५

ताई,
जयभीम.

पत्र मिळालं. परीक्षा कशी चाललीय? कॉप्या करतात का मुलं? इथे ऊन वाढलंय. मेट्रोला फार गर्दी असते. विजयवाड्याला माझं भाषण झालं, बरं झालं.

आईचं पोट जरा बिघडलंय. हॉस्पिटलचं जेवण. काळजीचं कारण नाही. आता वेगळ्या खोलीत हलवलंय.

हिम्मतराव सरांच्या गोळ्या परत देऊन टाक, उगाच कशाला वाकडेपणा?

प्रज्ञेश


नांदेड
१९ फेब्रुवारी २०२५

प्रज्ञू,

अण्णांचा रेडिओ फोडलास त्या दिवशी तू मला माझ्या शाळेत काय काय शिकवतात ते दिवसभर विचारत होतास. आज परीक्षेची चौकशी केलीस तशी.

आईला फोन केला. म्हणाली, "बरी हाय." पण हे म्हणायला तिला दोनदा थांबून दम घ्यावा लागला. आणि कसलं रे हॉस्पिटलचं जेवण? तिथली पेज खाऊन पोट बिघडायला ती काय लहान मूल आहे? पोट कशानं बिघडतं ते तूच मला पहिल्या पत्रात लिहून कळवलं होतंस. मी ते इतक्या लोकांना वाचून दाखवलंय की तोंडपाठ झालंय.

मी केंद्र सोडून येऊ शकत नाही. सरळ लिही. इंजेक्शन चालू केलंस का?

ताई


तारनाका, हैदराबाद
२२ फेब्रुवारी २०२५

ताई,

हो. केलं होतं. तू स्टाफरूममध्ये माझं कौतुक केलंस त्याच्या आदल्या दिवशीच.

आधी आईचं सांगतो. कालपासून जुलाब थांबलेत. आज तिनं मऊ भात खाल्ला आणि वॉकर धरून दारापर्यंत गेली. किडनीवर ताण आला होता, तोही उतरतोय. धोका टळलाय. हे खरं आहे, संदेशला विचार. माझ्यावर विश्वास ठेव असं म्हणायचं तोंड मला उरलेलं नाही.

आता झालं ते ऐक. तेरा तारखेला मी पहाटेच सिकंदराबाद स्टेशनवर होतो. विजयवाड्याला भाषण होतं. विषय होता, 'इंजेक्शन सुरू करण्याआधी थांबा'. हसायचं असेल तर हस, मी थांबतो.

गाडी फलाटाला लागत होती आणि मीनाचा फोन आला. "सर, अम्मा कुछ का कुछ बोल रहे बोलके नर्स का फोन आया. कौनसी भाषा है मालूम नहीं. आँखां बंद हैं, बुलाए तो जवाब नहीं दे रे. बुखार नहीं है, बीपी बराबर है." म्हातारं माणूस, ऑपरेशन झालेलं, भान हरपलंय. याचा शेवट कुठे होतो ते मी वॉर्डात इतक्यांदा बघितलंय की दुसरं काही सुचेचना. मीना म्हणाली, "सर, एक बार आके देखते क्या? आपको पहचानेंगे." मी म्हटलं, माझी गाडी आहे. सगळ्यात भारी अँटिबायोटिक लाव, आत्ताच्या आत्ता. ती म्हणाली, "कारण क्या लिखूं सर?" माझाच नियम! म्हटलं, संसर्गाची शंका. "किधर का सर?" मी ओरडलो, "लिख दो ना, अम्मा है मेरी!" आणि गाडीत चढलो.

भाषण उत्तम झालं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला शाल दिली. मी ती घेतली.

रात्री परत आलो तर आई टेकून बसली होती. म्हणाली, "जेवलास का?" मला काय आनंद झाला! म्हटलं, बघा, एका दिवसात शुद्धीवर आली. इंजेक्शनाचा गुण! मग ते बंद कसं करायचं? दोन दिवसांनी मीनानं पुन्हा कारण विचारलं, तर मी लिहायला सांगितलं, 'सुधारणा आहे, म्हणून चालू ठेवावे.' लघवीच्या तपासणीत थोडे जंतू निघाले. या वयात ते असतात, काही त्रास नसेल तर त्यांना हात लावू नये, हे मी विजयवाड्यात पडद्यावर दाखवून आलो होतो. पण मी तो रिपोर्ट लॉटरी लागल्यासारखा मीनापुढे धरला. मुलगी नुसती बघत होती.

मग जुलाब सुरू झाले. इंजेक्शनानं पोटातले चांगले जंतू मारले आणि एका द्वाड जंतूनं घर बळकावलं. आई उठून बसेना. गाल आत गेले. चालायचे व्यायाम बंद पडले. तुला माहीत आहे ती कशी आहे, मुलासमोर पदर ढळू न देणारी. तिला दर थोड्या वेळानं नर्सला हाक मारावी लागायची आणि प्रत्येक वेळी ती मला म्हणायची, "तू भाईर जा." मी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहायचो. इंजेक्शन थांबवलं. जुलाबांवरचा उपाय काय, तर दुसरं अँटिबायोटिक! ते देताना कारण मात्र अगदी अचूक लिहिता आलं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तिच्या खोलीतच सोफ्यावर झोपलो. पहाटे जाग आली ती तिच्या आवाजानं. उशीला टेकून, डोळे मिटून, हात जोडून ती बुद्धवंदना म्हणत होती. आवाज इतका बारीक झालेला की शब्द शब्द वेचून घ्यावा लागत होता. तेवढ्यात नर्स बीपी बघायला आली. "अम्मा, कैसे हैं?" आई गप्प. म्हणजे गप्प नाही, वंदना चालूच, पण उत्तर नाही. नर्सनं माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "सर, फिर शुरू हो गया."

ताई, तेच होतं ते. ते 'कुछ का कुछ'. कुठली भाषा ते कळत नाही म्हणे, ती पाली. त्या पोरीनं कधी ऐकलं नसेल, तिचा काय दोष? पण मी? रेल्वे क्वार्टरमध्ये रोज सकाळी चटईवर आईच्या एका बाजूला तू बसायचीस आणि एका बाजूला मी. मला डुलकी आली की तू चिमटा काढायचीस. मीना फोनवर म्हणाली, पहाटेची वेळ, डोळे बंद, वेगळी भाषा, हाक मारली तरी उत्तर नाही. दहा वर्षांच्या प्रज्ञूनं झोपेत सांगितलं असतं की आई वंदना करतेय, थांबा जरा. आणि मी सकाळी ज्या लोटलेल्या दारावरून निघून जातो, त्याच्या आत काय चालतं ते मला आठवलंसुद्धा नाही.

तिचं झाल्यावर मी विचारलं, मागच्या आठवड्यात त्या मोठ्या खोलीत होतीस, तेव्हाही हेच?

"मंग काय? रोजच करते की. त्या पोरी मधीच अम्मा अम्मा करायल्या. वंदना चालू आसताना मधीच कसं बोलावं? झाल्यावर बोलले की तिच्यासंगं. चा बी मागितला." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "का रं? तुला इचारलं न्हाई का त्यांनी?"

मी म्हटलं, विचारलं होतं.

"मंग?"

या 'मंग'चं उत्तर मी अजून शोधतोय.

काल समितीची मीटिंग होती. त्याआधी मीना तो पेपर घेऊन आली. "सर, कारण वैसेच रखूं?" मी हो म्हटलं असतं तर तिनं तसंच ठेवून दिलं असतं, कुणाला कळलं नसतं. मी तिला खोडून लिहायला सांगितलं, 'पेशंटच्या मुलाने पेशंटला येऊन पाहिले नाही.' मीटिंगमध्ये ते पडद्यावर आलं तेव्हा मला वाटलं होतं लोक हसतील. मी स्वतः हसायची तयारी करून गेलो होतो, एक विनोदही पाठ केला होता. कुणी हसलं नाही. त्यामुळे तो विनोद माझ्या घशातच राहिला.

तर ताई, आता भांडण खरंच मिटलं. तुझं बरोबर होतं. घरात डॉक्टर आहे ही मी मारलेली थाप होती, आणि आई इतकी वर्षं ती निमूट ऐकून घेत होती. परीक्षा संपली की ये आणि तिला घेऊन जा. मी सामान बांधून ठेवतो. तिच्याशिवाय हे घर मला खायला उठेल, मला फार वाईट वाटेल, पण ते काही तिला इथे ठेवून घेण्याचं कारण होऊ शकत नाही.

मला क्षमा कर असं लिहिणार होतो. पण ती आईनं करायची. ती म्हणाली, "येड्या, भूक लागली का?"

प्रज्ञू


काचीगुड्याहून नांदेडला, गाडीत
२३ मार्च २०२५

चि. प्रज्ञू,
जयभीम.

तू मगाशी हॉस्पिटलातून थेट फलाटावर येऊन हात हलवत उभा होतास आणि तुझ्या चेहऱ्यावर एकच प्रश्न होता. आईला न्यायला आलेली ताई एकटीच कशी परत चाललीय? मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर रडले असते, आणि डब्यात सगळे बघत होते. म्हणून गाडी सुटल्यावर लगेच लिहायला घेतलं.

तुझं ते लांब पत्र वाचलं तेव्हा तू समोर असतास तर मी तुला एक ठेवून दिली असती. आईचे हाल वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. मग लक्षात आलं, की तू इंजेक्शन दिलं नाहीस म्हणून आधी ओरडले ती मीच, आणि दिलं नाहीस म्हणून मिरवले तीही मीच. हिम्मतराव सरांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तुमचा भाऊ माणूस आहे तर." गोळ्या परत मागितल्या नाहीत.

परवा तारनाक्याला आले ती आईला न्यायचंच ठरवून. तिच्या कपड्यांसाठी मोठी पिशवीही आणली होती. तूही शब्दाला जागलास, तिच्या साड्यांच्या घड्या घालून ठेवल्या होत्यास. कशाही घातल्या होत्यास, पण घातल्या होत्यास. आज सकाळी तू हॉस्पिटलला गेल्यावर मी कपाट उघडलं, तर आई वॉकर ठोकत आली आणि पलंगावर बसली. मला म्हणाली, बस.

म्हटलं, आई, चल आता माझ्याकडे. ती म्हणाली, "येते की. लेक हाइस तू. तुझं घर काय परकं हाय?" मला बरं वाटलं. मग ती गुडघा चोळायला लागली. आणि मग जे बोलली ते तुला सांगू नको म्हणालीय. तोंडानं सांगणार नाही असं मी कबूल केलं. लिहिणार नाही असं केलेलं नाही.

"पर प्रज्ञू आता रोज सकाळी खाली येऊन बसायलाय वंदनेला," ती म्हणाली. "निम्म्यात डुलक्या घेतो. पाठ बी ऱ्हायलं न्हाई त्याला, नुसते ओठ हलवतो. त्याला वाटतं मला कळत न्हाई. पर येतो बघ. आता म्या गेले, तर त्यो कुणापाशी बसंल?"

तुझी
ताई